डाव्या सीटवरची झोप

राहुरी,
१६ डिसेंबर

चि. सौ. सायलीस,
नानाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा खोकला बरा आहे. गाय अजून व्यायली नाही, आज-उद्या करत रोज आम्हाला झुलवते आहे. थंडी कडक पडली आहे, तुमच्याकडे गोदावरीच्या काठाला त्याहून जास्त असेल. पंकजरावांना नमस्कार सांग. तुझ्या सासऱ्यांना, म्हणजे बापूंनाही सांग. सांगावाच लागतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुमच्या घरी माझा फोन आला की तो लगेच स्पीकरवर टाकतात आणि घरातली चार माणसं ऐकत बसतात. मला लेकीशी बोलायचं असतं, सभेशी नाही. तू संगमनेरला कॉलेजात होतीस तेव्हा मी गाडीबरोबर डबा पाठवायचो आणि डब्यात चिठ्ठी असायची. तसंच हे समज. कोपरगाव गाडीवर सध्या आपला सुनील ड्रायव्हर आहे. तो स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवील, तुझे शाळेतले तास संपले की घेऊन जा.

तर रविवारी तू स्वतः गाडी चालवत माहेरी आलीस. सगळी वस्ती बाहेर आली. शेजारची मालनबाई तर पिठाचे हात तसेच घेऊन पळत आली. "एसटी डायवरची पोरगी, ती काय मागं ऱ्हाती व्हय!" असं म्हणून तिने तुझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. तुझ्या गालाला पीठ लागलं. मला फार अभिमान वाटला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला शंका येईल.

मी पुढे होऊन दार उघडणार, तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं आणि बापू उतरले. डोळे चोळत. "आलं व्हय गाव? मला कळलंच न्हाई," म्हणाले आणि चांगली मोठी जांभई दिली. तू हसून सांगितलंस, "नाना, बापू कोपरगाव सोडल्यापासून झोपलेत."

सायली, एसटी चालवली त्या सगळ्या वर्षांत मी माझी परीक्षा कशी घ्यायचो, ते तुला सांगितलंय का? आरशात बघून. मागची माणसं खिडकीला डोकं टेकून झोपली असली, की समजायचं गाडी बरी चालली आहे. विनाअपघात सेवेचा बिल्ला साहेब लोक देतात. झोप प्रवासी देतो. आणि ज्या माणसाने जन्मात ट्रॅक्टरशिवाय काही हाकलं नाही, तो माझ्या लेकीच्या शेजारी घोरत आला. शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याने जागं राहायचं असतं. बेजबाबदारपणा म्हणतात याला. त्यांना सांग. नको, राहू दे.

आता कामाचं लिहितो. दुपारी तू मला औषधं आणायला वस्तीवरून राहुरी गावात नेलंस तेव्हा जे बोलायचं राहिलं ते असं, की तुझा हात चांगला आहे, क्लच सोडताना घाई करत नाहीस, पण आपला रस्ता सीझनला उसाचा होतो हे विसरू नकोस. चाक साइडपट्टीच्या खाली उतरलं तर घाबरून एकदम वर ओढायचं नाही, गाडी उलटते. आधी वेग मरू द्यायचा, मग हळूच वर घ्यायची. कुणी पाचट पेटवलं असेल आणि रस्त्यावर धूर आला असेल तर दिवे लावून दमाने जायचं, मध्येच थांबायचं नाही, मागचा येऊन आदळतो. ट्रॅक्टरवाल्याचा टेप इतका मोठा असतो की तुझा हॉर्न त्याच्या कानात शिरत नाही. त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसलं, तरच त्याला तू दिसतेस. तोंड दिसेपर्यंत ओलांडायचं नाही.

हे सगळं तुला माहीत आहे, मला दिसलंच. दोन ट्रॉल्यांच्या मागे तू किती वेळ गपगार चाललीस. मीच म्हणालो, "काढ की गाडी. समोर काही नाही."

तू म्हणालीस, "नको नाना. बापू म्हणतात, पहिली ट्रॉली दिसते तेवढी दुसरी दिसत नाही. ती कधी झोला खाईल सांगता येत नाही."

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. स्टिअरिंगवर मी असतो तर मीही काढली नसती. पण 'बापू म्हणतात' ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बापूंना काय कळतंय रस्त्याचं!" त्यानंतर माझा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता आणि तू म्हणालीस, "नाना, तिकडं ब्रेक नाही." हसत म्हणालीस, मला कळतंय. तरी मी राहुरी येईपर्यंत बोललो नाही, ते माझं चुकलं.

आणखी एक. निघताना बापूंनी पिशवीतून ती रात्री दिव्याच्या उजेडात चमकणारी तांबडी-पांढरी पट्टी काढली आणि न विचारता माझ्या स्कूटरच्या मागे चिकटवली. हँडलला दोन, मागच्या मडगार्डवर ही एवढी मोठी. सीझनला ते नाक्यावर उभे राहून येईल त्या ट्रॉलीला, बैलगाडीला पट्ट्या लावतात, हे पुण्याचं काम आहे, मान्य. पण माझी स्कूटर पोळ्याच्या बैलासारखी दिसते आहे. वस्तीवरची पोरं हसतात.

जपून राहा. गाडी सावकाश चालव.

तुझा
नाना

०

राहुरी,
१५ जानेवारी

चि. सौ. सायलीस,
आशीर्वाद. काल संक्रांत झाली. तिळगूळ सुनीलबरोबर पाठवतो आहे. तुझी आई म्हणाली, "तिळगूळ पाठवताय तर तेवढं गोड बी बोला." प्रयत्न करतो.

गाय व्यायली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. तुझ्या आईने लगेच नाव ठेवलं चांदणी. माझा पाय गोठ्यात शेणावरून घसरून जरा मुरगळला आहे, म्हणून बसून आहे. विशेष काही नाही. आई फोनवर काही बोलली तर मनावर घेऊ नकोस, तिला वाढवून सांगायची सवय आहे.

पत्राला तुझं उत्तर आलं नाही. आईशी मात्र बोललीस म्हणे, अर्धा तास. रागावली असशील. असो.

गेल्या आठवड्यात तू मोबाईलवर फोटो पाठवलेस. शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला, प्रमुख पाहुणे बापू. गळ्यात शाल, हातात नारळ, मागे फळ्यावर तुझ्या वळणदार अक्षरात त्यांचं नाव, श्री. बिभीषणराव. पोरांच्या दप्तरांना पट्ट्या लावताना एक फोटो, आणि तू शेजारी उभी राहून टाळ्या वाजवतेस तो एक.

मी फोटो बघितले आणि मोबाईल उशीखाली ठेवला. थोड्या वेळाने परत काढून बघितले.

सायली, सरळच लिहितो, आडून बोलणं मला जमत नाही. माझी जळजळ झाली. नुसती जळजळ नाही, जेवण गेलं नाही. अगं, तुझ्या शाळेत रस्त्याबद्दल बोलायला माणूस पाहिजे होता आणि तुझा बाप तुला आठवला नाही? सगळी नोकरी या रस्त्यावर गेली. अकोले तालुक्यातला घाट, पाथर्डीकडचं खडकाळ, कोपरगावचं चिखलाचं, सगळं हाताखालून गेलं. एक माणूस दुखावला नाही, एक शेळीसुद्धा नाही. माझा बिल्ला कपाटात पडून आहे. मी पोरांना सांगितलं असतं की. शालही नको होती मला.

तुझी आई म्हणते, "अवो, त्ये गावातलेच, म्हनून बोलावलं. तुमाला इतक्या लांबून कशाला तरास द्यायचा?" बरोबर असेल. तिचं नेहमीच बरोबर असतं. मग मला म्हणाली, "व्याह्यांची दिष्ट काढू का तुमच्याच हातानं?" घरात ही अशी चेष्टा चालू आहे.

आता निघालंच आहे तर सगळंच सांगतो. कॉलेजात असताना तू मला म्हणाली होतीस, नाना मला गाडी शिकवा. मी म्हणालो होतो, निवृत्त झालो की शिकवतो. ते मी टाळायला म्हणालो नव्हतो. मी जागासुद्धा बघून ठेवली होती. मुळेच्या कालव्यालगतचं ते सपाट माळरान, जिथे बाभळीचं एकच झाड आहे. ते झाड धरून तुला गाडीने आठचा आकडा काढायला शिकवायचा, मग झाडाच्या सावलीत गाडी लावायला. सगळं ठरलं होतं. मी निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. आणि दिवाळीला तू सांगितलंस, बापूंनी ऊस निघालेल्या रानात ट्रॅक्टर शिकवला, तोही आधी ट्रॉली जोडून रिव्हर्स, मग पुढे. हे असं कुठे शिकवतात का? माणूस आधी चालायला शिकतो का मागे सरकायला? पण तू शिकलीस. चांगली शिकलीस. तेच तर मला सोसवत नाही.

त्यांचं नाव बिभीषण ठेवणाऱ्याला मी मानतो. रामायणातला तोही दुसऱ्याच्या गोटात जाऊन मोठा झाला. वाचून हे खोडून टाक, घरात कुणाच्या हाती लागायला नको.

रात्री गाडी चालवू नकोस.

तुझा
नाना

०

राहुरी,
२४ जानेवारी

चि. सायली,

आज सौ. वगैरे लिहीत नाही. तू लहान होतीस तेव्हा लिहायचो तसं लिहितो.

काल बापू येऊन गेले. तू शाळेत असशील, तुला सांगून आले की नाही माहीत नाही. एसटीने आले, खिडकीत बसून. तुझ्या आईने विहीणबाईंना फोनवर सगळं सांगून टाकलं होतं आणि 'नानांनी सायलीला कळू द्यायचं न्हाई म्हनलंय' हेही सांगितलं होतं. आत येऊन त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "इवाई, मुरगळला म्हनं? ह्यो तर पार शिमिटाचा खांब केलाय."

तर आता खरं. मी गोठ्यात घसरलो नाही. माझा उजवा पाय नडगीत मोडला आहे आणि प्लॅस्टरमध्ये आहे. रागावू नकोस, पुढे वाच, मग एकदमच रागाव.

तुझे ते फोटो आले त्याच दिवशी मी स्कूटरच्या पट्ट्या काढल्या. अंगणात बसून, नखाने. निघता निघत नव्हत्या, नखं दुखली, तरी सगळ्या काढल्या. स्कूटरचा मागचा दिवा दिवाळीपासून गेलेला होता. दोन दिवसांनी संध्याकाळी दिवेलागणीला डेअरीवर म्हशीचं दूध घालायला निघालो. हाकेच्या अंतरावर तर डेअरी आहे, दिव्याचं काय अडलंय, असं म्हणालो. हे मी म्हणालो, सायली. दिवा गेलेली गाडी डेपोच्या फाटकाबाहेर न काढणारा मी. परत येताना समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याच्या उजेडाने मागच्या पिकअपवाल्याचे डोळे दिपले आणि त्याची कड मला लागली. मी रस्त्याकडेच्या चारीत आणि स्कूटर माझ्या पायावर.

पोरगा भला होता, पळून गेला नाही. त्यानेच उचललं, दवाखान्यात नेलं. वाटेत रडत होता. सारखा एकच बोलत होता, "काका, आईशप्पथ सांगतो, तुमी दिसलाच न्हाईत."

मी जन्मभर उसाच्या ट्रॉल्यांना शिव्या दिल्या. दिसत नाहीत, मागे काही लावत नाहीत, माणसं मारतात म्हणून. आणि शेवटी दुसऱ्याला न दिसणारा मीच निघालो. तेही पट्टी चांगली लावलेली असताना, हाताने काढून.

हे मी बापूंना सांगणार नव्हतो. ते वासरू बघायला म्हणून गोठ्यात गेले आणि तिथे स्कूटर होती. परत येऊन बाजेवर बसले.

"इवाई, पट्टी कुठं गेली?"

"पावसाने निघाली असेल," मी म्हणालो.

"पौषात? आमच्याकडं तर थेंब न्हाई." मग म्हणाले, "ती पट्टी ऊस घासून बी निघत न्हाई. नख लावल्याबिगर ती निघायची न्हाई."

तुझी आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मी तिच्यासमोर सांगितलं. फोटो बघितले, डोकं फिरलं, काढल्या. तुमची पट्टी माझ्या गाडीला नको होती. तुमची सून ती माझी लेक आहे आणि ती सारखं 'बापू म्हणतात' करते, ते मला बघवत नाही.

वाटलं, हसतील. तसे ते प्रत्येक गोष्टीला हसतात. पण ते भडकले. बाजेवरून उठलेच. "आवो, तुमी मेला असता की! फोटूपायी? मग माझ्या सुनंनं नाना कुनाला म्हनायचं? मला? मला न्हाई जमायचं त्ये!" आई मध्ये पडली म्हणून खाली बसले. चहा गार झाला तरी घेतला नाही.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमाला त्या झोपंचं बी लागलंय ना मनाला? सायली म्हनली हुती, नाना त्या दिवशी गप झाले."

मी कुबडी उचलून उगाच भिंतीला सरळ लावली.

"आवो, झोप कसली आलीय! डोळं मिटून बसलो हुतो. कोपरगावपास्नं. समुरून टरक आला की माझं काळीज त्वांडात. डोळं उघडं ठिवलं असतं तर वरडलो असतो, आन् वरडलो असतो तर पोरगी बिचकली असती. तुमचा पाय ब्रेक दाबतो, माझं त्वांड सुटतं. म्हनून म्हनलं, घोरावं. घोरता घोरता घसा दुखला माझा."

सायली, मी हसलो. पाय हलला, कळ आली, तरी हसलो. तुझी आई पदर तोंडाला लावून आत गेली. आम्ही दोघं म्हातारे डोळे पुसत बसलो होतो, कुणाचे कशाने भरून आले ते विचारू नकोस.

बापू म्हणाले होते, हे सायलीला सांगू नका. मी सांगतोय. कारण शेवटी मी जळका माणूस आहे, एवढ्या सहज सुधारायचा नाही. पण त्यांचं पुढचंही सांगतो, नाहीतर तो खोटेपणा होईल. ते म्हणाले, "माघारी जाताना मातर राहात्यापास्नं खरीच लागली. सपानबी पडलं." हे ऐकून मी पुन्हा जळलो. म्हणजे माझ्या लेकीच्या गाडीत पहिली खरी झोप त्यांनाच लागली. तो मान गेला तो गेला.

जाताना त्यांनी पिशवीतून पट्टीचं भेंडोळं काढलं. स्कूटर तर आता दोन महिने उभीच आहे, तिला कशाला, मी विचारलं. त्यांनी तुकडा कापला आणि माझ्या कुबडीला गुंडाळला. या वेळी मला विचारून. मी हो म्हणालो.

आता तुझ्याकडे मागणं. पुढच्या रविवारी ये. गाडी घेऊन, तूच चालवत, आणि बापूंना आणू नकोस. एवढं माझं ऐक. मला हाडाच्या डॉक्टरकडे नगरला न्यायचं आहे, सुनील गाडी ठरवून देतो म्हणाला, मी नको म्हणालो. माझी लेक येणार आहे, असं सांगितलं. विचारल्याशिवायच सांगितलं. तू नाही आलीस तर सुनीलपुढे माझी फजिती होईल.

आणि पुढच्या वर्षी शाळेत कार्यक्रम झाला तर मला बोलाव. बापूंच्या शेजारी बसेन. पोरांना बिल्ला दाखवणार नाही, प्लॅस्टर ठेवून घेणार आहे, ते दाखवेन.

उशीर करू नकोस, पाय प्लॅस्टरमध्ये आहे तोवरच ये. उजवा आहे, पुढे लांब ठेवावा लागतो, जरासुद्धा वाकत नाही. ब्रेक दाबायची माझी सोयच राहिलेली नाही. कालव्याजवळून जाशील तेव्हा ते बाभळीचं झाड दिसलं तर मला दाखवू नकोस, मी बघणार नाही. डाव्या सीटवर डोळे मिटून बसेन. झोप लागेल असं वचन देत नाही, इतक्या वर्षांची सवय आहे जागं राहायची. लागली तर मात्र मध्ये कुठे आलो म्हणून हलवू नकोस.

पोचलो की उठव.

तुझाच
नाना